बिनडोळ्याचं यंत्र

आमच्या घरामागं पोहण्याचा हौद आहे, हे सांगताना मला अजून लाज वाटते. ती माझी हौस नव्हे. नवऱ्याचं येरमाळ्याला हायवेवर टायरचं दुकान आहे. ते नीट चालायला लागलं तेव्हा तो मित्रांबरोबर कुठल्याशा रिसॉर्टला दोन दिवस राहून आला आणि आल्या आल्या येडशीच्या घरामागचे शेवगे तोडून हौद बांधायला काढला. तीस फूट लांब, पंधरा रुंद, खोल बाजूला साडेचार फूट, निळ्या टाइल्स. बांधून झाल्यावर तो त्यात चारदा उतरला. पाचव्या वेळी पाणी गार आहे म्हणाला. पुढं फक्त पाहुण्यांना दाखवायला मागच्या दाराशी यायचा.

उन्हाळ्यात बोअर दम टाकतो अशा गावात एवढं पाणी नुसतं बघत बसणं मला पटेना. मी सकाळच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. पोहायला माहेरच्या विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. हौद झालाच आहे तर बायकांना शिकवू, असं ठरवलं. वेळ चार ते साडेपाच. यायचं मागच्या गेटनं. पुरुष माणूस आवारात नाही, हा एकच नियम. त्या नियमावरच सहाजणी आल्या.

त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे निवृत्त नर्सबाई. तिची जीभ सुईपेक्षा तेज. सगळ्यात लहान बांगडीवाली. तिच्या नवऱ्याचं गावात काकणांचं दुकान आहे, आणि तो टेम्पोतून आठवडी बाजारही करतो. घरी सासू. दोघांची परवानगी काढून ती यायची, आणि ती परवानगी रोज नव्यानं काढावी लागते हे मला माहीत होतं. सहाजणींत पाण्याला सगळ्यात जास्त तीच भ्यायची. पायरी सोडायची नाही. दोन महिन्यांनी एकदा माझा हात धरून पाण्यावर आडवी झाली, तेव्हा म्हणाली, "बाई, कान बुडले की सगळं शांत होतंय की." तिला एकटीनं तरंगता यावं, एवढं मी मनात धरलं होतं.

हौद साफ करायला नवऱ्यानं एक माणूस ठेवला होता. लांब दांड्याची जाळी घेऊन पाला काढायचा, तळ घासायचा. आधी दुपारी बाराला यायचा. बायका यायला लागल्यावर पावणेचारला यायला लागला.

"लिंबाचा पाला लई पडतोय, बाई," म्हणाला.

"पाला सकाळीही पडतो. सकाळी या."

सकाळी यायला लागला, आणि मला वाटलं विषय मिटला. मग एक दिवस नर्सबाई कपडे न बदलता काठावर उभी राहिली.

"तुमच्या हौदाचं प्रदर्शन भरतंय टपरीवर. बघितलं का?"

पोहताना टिकल्या निघतात आणि तळाला टाइल्सवर चिकटतात. केसांच्या पिना पडतात. हा माणूस ते सगळं जाळीतून वेचून खिशात घालायचा आणि स्टेशनच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर मांडायचा. मोठी लाल टिकली कुणाची, चमकीची कुणाची. बसलेले ओळखायचे. त्या दिवशी त्यानं मोत्याच्या डोक्याची टाचणी काढली होती. तसली टाचणी टिकलीवाल्या बायका लावत नाहीत, डोक्याला ओढणी बांधणाऱ्या लावतात. आमच्यात ओढणी बांधणारी एकच. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "आता काकणाचं दुकान बी पाण्यात उतरलं म्हणा की."

तिच्या नवऱ्यापर्यंत ते गेलं. तो तिला एवढंच म्हणाला की पुन्हा असं कानावर आलं तर बंद. ती रडली बिडली नाही. उतरण्याआधी टाचण्या काढून माझ्या खिडकीत ठेवलेल्या डब्यात घालायला लागली.

त्या माणसाला मी त्याच दिवशी काढलं. नवरा चिडला.

"गरीब माणूस आहे. गंमत केली असंल."

"कुणाची?"

चार दिवसांनी कळलं, त्या माणसाला त्यानं टायरच्या दुकानात हवा भरायला ठेवलं होतं.

दोन आठवडे हौद मी घासला. शाळा, घर आणि वर ते. उजवा खांदा असा धरला की कवायत घेताना हात वर जाईना. तेव्हा नवरा म्हणाला, "मशीन घेऊ या." लग्नानंतर त्याच्या तोंडून ऐकलेल्या शहाण्या वाक्यांमध्ये हे धरायला हरकत नाही. फक्त कुठलं घ्यायचं, तिथं त्याचं शहाणपण संपलं.

मी चौकशी केली. मुख्य दोन जाती निघाल्या. एक पाइपवालं: हौदाचा पंप पाणी ओढतो, त्या ओढीवर ते तळावरून सरकत जातं आणि कचरा पंपाच्या टोपलीत येतो. त्याला स्वतःची मोटर नाही, बॅटरी नाही. दुसरं म्हणजे रोबो: स्वतःची मोटर, स्वतःची गाळणी, भिंतही चढतो. पुण्याच्या विक्रेत्याला मी फोनवर तासभर धरून ठेवलं. आमचं पाणी क्षाराचं, टाइल्सवर पांढरं बसतं, ते निघेल का? शेजारी सोयाबीनची मळणी निघाली की भुसा उडतो, तो गाळणीत अडकेल का? लाईट गेली तर? शेवटी मी सांगितलं, पाइपवालं द्या.

"मॅडम, ते जुनं झालं," तो म्हणाला. "ते आंधळं असतं. भिंतीला धडकतं, मग वळतं. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांनी ते घ्यावं?"

मला तो माणूस आवडला नाही. पण हे बोलणं शेजारी बसलेल्या नवऱ्यानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता सगळ्यात वरचं मॉडेल मागवलं. टायरच्या दुकानदाराच्या घरात आंधळं मशीन फिरतं म्हटल्यावर अब्रूचं काय.

ते आलं. पांढरं, कासवाएवढं, तोंडाला काच. काचेमागं कॅमेरा. कचरा कुठं आहे ते बघून तिकडं जातं, आणि काम झालं की आधीच्या आणि साफ झालेल्या तळाचे फोटो फोनवर पाठवतं. फोन अर्थातच नवऱ्याचा, कारण मागवलं त्यानं. काम मात्र चोख करायचं, ते नाकारत नाही. दुपारी दोनला सोडायचं, साडेतीनला काढून काठावर ठेवायचं. तळाला एक पान दिसायचं नाही.

बायकांनी पहिल्याच दिवशी त्याच्याभोवती कोंडाळं केलं.

"ह्याला डोळा कशाला?" नर्सबाईनं विचारलं.

"पाला बघायला."

"पाला बघतंय तर मग आमच्याकडं तोंड करून का ठिवलंय?" असं म्हणत बांगडीवालीनं ते उचलून भिंतीकडं वळवलं. वर आपली ओढणी टाकली. सगळ्या हसल्या. मीही हसले. विक्रेत्याला तासभर प्रश्न विचारणाऱ्या मला त्या घडीला एकही प्रश्न सुचला नाही. माझी चूक ती.

महिनाभरानं एका दिवशी दुपारी लाईट नव्हती. मशीन उशिरा चार्ज झालं, मी उशिरा सोडलं. चारला बायका आल्या तेव्हा ते पाण्यातच होतं. पाच मिनिटांत थांबेल म्हणून मी कुणाला उतरू दिलं नाही. बांगडीवाली तेवढी वरच्या पायरीवर पाय सोडून बसली.

त्याच आठवड्यात तिचा नवरा टेम्पोचा टायर बदलायला येरमाळ्याला गेला. आमच्याच दुकानात. माझा नवरा येईल त्या गिऱ्हाइकाला फोन काढून मशीनची करामत दाखवायचा: हा आधीचा तळ, हा नंतरचा. ह्यालाही दाखवली. एका फोटोत पायरी होती, आणि पायरीवर घोट्यापर्यंत दोन पाय. डाव्या अंगठ्याचं नख काळं. दुकानाचं शटर पडून ते तसं झालं होतं, आणि ते शटर ओढणारा माणूसच समोर फोन बघत उभा होता. शेजारी हवा भरणारा आमचा जुना माणूसही वाकून बघत होता.

बांगडीवालीच्या नवऱ्यानं फोन परत दिला. टायर बसवून घेतला, घरी गेला, बायकोला म्हणाला, "उद्यापासून न्हाय."

हे मला नर्सबाईनं आणून सांगितलं. मी संध्याकाळी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि फोटो बघितला.

"नुसते पाय आहेत," तो म्हणाला. "पाय काय, रस्त्यावर बी दिसतेत."

"टपरीवर नुसत्या टिकल्याच होत्या."

"तू उगं वाढवतीस. मला काय माहीत कुणाचे आहेत ते?"

"माहीत नव्हते तर दाखवले कशाला?"

तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला. दुसऱ्या दिवशी चारला एकटी नर्सबाई आली.

"माझं काय," ती पाण्यात उतरत म्हणाली, "ह्या वयात मला बघून कुणाला काय मिळायचंय. पण मी एकटीनं हातपाय मारून तुमचा हौद चालायचा न्हाय, बाई."

मी विक्रेत्याला फोन लावला. वापरलेलं मशीन परत घेत नाही म्हणाला. वर उपाय सांगितला, "सेटिंगमध्ये कॅमेरा बंद करा."

"बंद केला हे समोर उभ्या असलेल्या बाईला बघून कळतं का?"

"ॲपमध्ये दिसतं ना."

"ॲप नवऱ्याकडं आहे."



"ते आंधळं द्या," मी म्हटलं.

पाइपवालं आलं तसं जोडलं नाही. पिशवीत घालून सरळ काकणांच्या दुकानात नेलं. बांगडीवालीचा नवरा गल्ल्यावर होता, त्याची आई आत खुर्चीवर. ती स्वतः पडद्याआड असावी, पडदा हलत होता. मी मशीन काउंटरवर काकणांच्या खोक्यांशेजारी ठेवलं.

"ते आधीचं बंद. आता हे फिरणार. बघून घ्या."

त्यानं उलटं केलं. खालचं रबर ओढून बघितलं. "बघतंय कुठनं?"

"बघतच नाही. धडकतं आणि वळतं."

"चार्जिंग?"

"नाही."

"फोन?"

"नाही."

म्हातारीनं हात पुढं केला. तिनं मशीन मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडात बोटं घालून चाचपलं, कडेकडेनं अंगठा फिरवला. कोंबडी विकत घेताना तोलून बघतात तसं ते उचलून परत दिलं. "आंधळं हाय," ती लेकाला म्हणाली.

तो मात्र माझ्याकडं बघत होता. "आन तुमचे मालक? त्यान्ला तर डोळे हायेत की."

"ते साडेपाचपर्यंत गेटच्या बाहेर राहतील."

"त्यान्ला इचारलं का?"

"नाही."

तो पहिल्यांदा थोडा हसला. "मशीनचं पटलं, बाई. माणसाचं बघू."

घरी येताना मी दोन कुलपं घेतली, एक पुढच्या गेटला, एक मागच्या. चाव्या एकाच जुडग्यात, ते माझ्या कमरेला. नवऱ्याला रात्री वेळ सांगितली. त्याला ती थट्टा वाटली.

बांगडीवाली सोमवारी आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी आली, बाकीच्या चौघी तिच्या मागं. पाण्यात उतरायच्या आधी तिनं मशीनकडं बघितलं. ते पाइपासकट काठावर पडलं होतं. मग खोल बाजूच्या अलीकडं गेली आणि माझा हात धरला.

पावणेपाचला पुढं हॉर्न वाजला. आमच्या गाडीचा. तिनं माझा हात घट्ट धरला आणि पाय खाली टेकवले. सगळ्यांनी माना वळवल्या. हॉर्न पुन्हा वाजला, लांब. मग खिडकीत ठेवलेला माझा फोन वाजायला लागला. मी पाण्याबाहेर येऊन उचलला.

"अगं, गेटला कुलूप आहे."

"आहे."

"माझं घर आहे हे."

"साडेपाचला या."

"लोक बघायला लागलेत माझ्याकडं."

"बघू द्या. नुसतं बघतच आहेत."

फोन ठेवला आणि पाण्यात परत आले. "मान मागं," मी तिला म्हटलं. "कान बुडू द्या." हॉर्न एकदा वाजला आणि बंद झाला. ती आडवी झाली. मी हात काढला. चार-पाच श्वास ती तशी राहिली, मग नाकात पाणी जाऊन खोकत उभी राहिली आणि मला म्हणाली, "सोडला का व्हता? सांगायचं न्हाय व्हय?"

साडेपाचला सगळ्या मागच्या गेटनं गेल्या. मी पाइप जोडला, पंप लावला. मशीन टकटक करत सुटलं, भिंतीला धडकलं, वळलं, पायरीपाशी अडकलं, पायानं ढकललं तसं पुन्हा निघालं. अर्ध्या तासानं पंप बंद करून टोपली उघडली. लिंबाचा पाला, तीन टिकल्या, एक पिन, मोत्याची एक टाचणी. टाचणी काढायला विसरली होती. ती मी पुसून तिच्या डब्यात ठेवली. बाकीचं खड्ड्यात टाकून वर माती ओढली.

सहा वाजून गेले होते. मग पुढं जाऊन गेट उघडलं.