काकांच्या पोटातला पाइप

आमचे काका नळदुरुस्तीवाले. गावातल्या निम्म्या बेसिनांच्या पोटातली भानगड त्यांना तोंडपाठ. तुंबलेल्या पाइपात कुणी ती जळजळीत पावडर ओतलेली दिसली की त्यांचं डोकंच फिरायचं. "रोज ओतलीत तर पाइप आतून खलास होईल, बाई! पाणी सोडा, धीर धरा."

हेच काका रोज झोपताना जुलाबाची गोळी घ्यायचे. सकाळी पोट साफ नाही म्हणजे दिवस फुकट, हे त्यांचं ठाम मत. एकीनं भागेना म्हणून दोन झाल्या. पोट दोघींनाही दाद देईना, तेव्हा वर चूर्णाचा चमचा आला.

"अहो, पोट आहे की पातेलं? रोज काय घासायचं ते!" काकू म्हणायची. काका ऐकतील तर शपथ.

एकदा एका शिक्षिकाबाईंचा मला फोन आला. "तुमचे काका माझ्या सिंकखाली आडवे आहेत. गळती थांबली, पण ते बाहेर येत नाहीत."

धावत गेलो. बाहेर फक्त बूट दिसत होते.

"काका, डुलकी लागली का?"

"गप रे! पायात गोळे आलेत. ओढ."

ओढून काढलं, तर चेहरा पांढराफटक.

काकूला घेऊन त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रोजच्या जुलाबांनी अंगातलं पाणी आणि क्षार वाहून गेले होते, म्हणून ते गोळे. शिवाय आतडं इतकं लाडावलेलं की गोळीशिवाय हलायला तयार नाही. काका मनातून टरकले होते, पण ऐट कायम.

"मग तेवढा तुकडा काढा, नवा टाका."

"त्याचा स्पेअर मिळत नाही. डोस असाच वाढवलात, तर एखाद दिवशी खरंच पोट उघडायची वेळ येईल."

"मग करू काय?"

काकू टपूनच बसली होती. "पाणी सोडा, धीर धरा!"

गोळ्या हळूहळू कमी करायच्या, भाजी-फळं खायची, पाणी प्यायचं, चालायचं, असं ठरलं. ते दिवस घरानं कसे काढले ते घरालाच ठाऊक. सकाळी काकांचं तोंड बघूनच आम्हाला निकाल कळायचा.

अखेर बिनगोळीची पहिली सकाळ उजाडली. काका आत, कडी लावलेली. काकू एकच शर्ट पुन्हा पुन्हा इस्त्री करत होती. मला राहवेना.

"काका, पाना देऊ का?"

"गाढवा, धीर धर!"

बऱ्याच वेळानं फ्लशचा आवाज आला. अख्ख्या गावाला नवी पाइपलाइन टाकून दिल्याच्या थाटात काका बाहेर आले.

"झालं?" काकूनं मान वर न करता विचारलं.

"थोडंसं. पण आपलं आपण!"

त्याच जोशात त्यांनी कपाटातली उरलेली गोळ्या-चूर्णं काढली आणि तडक स्वयंपाकघराच्या सिंककडे निघाले. काकू इस्त्री टाकून धावली.

"अहो, तिथे नको! पाइप खराब होईल!"