खिडकीबाहेर काय चाललंय

कारा-झारच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सायरागुलबाई मुळात जर्मनच्या. म्हणजे जन्माने पक्क्या किरगीझ, पण शिकल्या होत्या जर्मन शिकवायला. लग्न होऊन या गावात आल्या, काही वर्षं मुलांकडून जर्मन घोटून घेतलं, आणि एका सप्टेंबरात मुख्याध्यापक एशिमबेक म्हणाले, "सायरागुल, जर्मन बंद. उद्यापासून इंग्रजी."

"अगाय, मला इंग्रजी कुठं येतंय?"

"मुलांना तरी कुठं येतंय? सगळे बरोबरच सुरू करा!"

गुरुजींना तिकडे अगाय म्हणतात, आणि अगाय म्हणतील ते मुकाट्यानं करतात. बाई नारीन शहरात जाऊन एक घाईचा अभ्यासक्रम उरकून आल्या. तिथून त्यांनी घट्ट धरून आणलं ते एकच: क्रियापदाच्या शेपटीला लागणारं 'इंग'. ते लावलं की आत्ता, या क्षणी, डोळ्यांसमोर जे चाललंय ते बोलता येतं. इंग्रजीतले बाकीचे काळ बाईंना दूरच्या सासरच्या माणसांसारखे वाटत. कोण कुणाचा कोण, कुणापुढे कसं वागायचं, काही कळायचं नाही. हा मात्र घरातला माणूस.

पण पुस्तकात टॉम नावाचा मुलगा बागेत सफरचंद खात होता. पिढ्यान् पिढ्या खात होता, संपवत नव्हता. मुलांना त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. शेवटी एक दिवस बाईंनी पुस्तक मिटलं, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "मसणात गेला तो टॉम. बाहेर बघा आणि बोला. काय चाललंय?"

आणि मुलं बोलायला लागली! खिडकीतून शाळेचं आवार दिसे, त्यापलीकडे एशिमबेक अगायांचं परसू. पोस्टमन इज फॉलिंग. आजी इज बीटिंग द गाढव. महिन्याभरात गावाला कुणकुण लागली. माणसं त्या खिडकीखालून जाताना टोपी सरळ करू लागली, भांडणारे नवरा-बायको कोपरा ओलांडेपर्यंत गप्प राहू लागले. एकदा सायकलवरचा एक खराखुरा इंग्रज पाणी मागायला शाळेत आला. बाईंनी धडधडत्या छातीनं त्याला विचारलं, "तू काय करतोयस?" तो म्हणाला, "आय ॲम ड्रिंकिंग वॉटर." बाईंना वाटलं, त्याच्या गळ्यात पडून रडावं. अगदी आपल्या वर्गातल्यासारखं बोलला होता बिचारा!

अशा बाईंवर यंदा संकट आलं. जिल्ह्याहून समिती येणार होती. मुलांना इंग्रजी बोलता येत नसेल, तर बाईंची जागा घाटापलीकडच्या शाळेला द्यायची, असं ठरलं होतं. बाईंनी घाटापलीकडे जायचं की घरी बसायचं, ते त्यांचं त्यांनी बघायचं.

एशिमबेक अगायांना चिंता वेगळीच. समितीचे अध्यक्ष काल्मुर्झा अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग, रीतीभातीला कडक. पाहुण्यासमोर आधी जिवंत मेंढी उभी करायची, त्यानं ओंजळ उघडून बाता द्यायची, म्हणजे आशीर्वाद, मग 'ओमीन' म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवायचे आणि मगच सुरी. पण घाटात बर्फाची चिन्हं होती. अध्यक्ष दुपारीच परतणार. एवढ्या वेळात मेंढी कापायची कधी, शिजायची कधी?

आदल्या संध्याकाळी अगाय बाईंच्या फाटकात उभे. "सायरागुल, तुझी करडी मेंढी दे जरा. तासाभरासाठी."

"कशाला?"

"नुसती उभी राहायला. मी माझी पहाटेच कापून हंड्यात टाकतो. तुझी दाखवतो, बाता घेतो, परत आणून बांधतो. म्हातारा बाता देईल, जेवेल, जाईल. कुणाचं काय बिघडलं?"

"अगाय, हे बरं नव्हे हं."

"तुझ्या नोकरीसाठीच मरतोय ना मी! भुकेला माणूस कधी चांगला शेरा लिहितो का?"

करडी बाईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. हाक मारली की कुत्र्यासारखी मागे येई. बाईंनी दोर हातात दिला.

सकाळी सगळं सुरळीत झालं. अक्साकालांनी करडीकडे बघून मान डोलावली, भलीमोठी बाता दिली, ओमीन झालं. अगाय तिला कोपऱ्याआड घेऊन गेले. समिती वर्गात मागच्या बाकावर बसली. बाईंनी खिडकीकडे पाठ केली, गळ्यातला रुमाल ठीक केला आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "बाहेर काय चाललंय?"

सगळ्यात आधी बेगायिम उठली. हुशार, खणखणीत आवाजाची, पाचपोच अजिबात नसलेली पोर.

"द शीप इज ईटिंग कॅबेज!"

"छान," बाई म्हणाल्या. मग त्यांच्या मनात आलं, कुठली शीप?

"अगाय इज पुलिंग द शीप. द शीप इज नॉट वॉकिंग." मागून दुसरा ओरडला, "अगाय इज किकिंग!" तिसरीला तर राहवेचना, "अगायांची बायको इज टेकिंग मीट फ्रॉम द पॉट!"

आयुष्यात बाईंचा वर्ग इतका बोलला नव्हता.

"मुलं काय म्हणतायत?" अक्साकालांनी विचारलं. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

खोटं सांगावं, तर मुलं नुसती बडबडतायत असं होईल. खरं सांगावं, तर... पण कितीतरी वर्षं याच मुलांना त्या बजावत आल्या होत्या, दिसतं तेच बोला म्हणून.

"अक्साकाल, मुलं म्हणतायत की मेंढी कोबी खातेय."

"कुठली मेंढी?"

"सकाळी तुम्ही बाता दिलीत ती."

म्हातारा हसला. "ती एव्हाना हंड्यात आहे, पोरी."

"हंड्यात दुसरी आहे."

अक्साकाल उठले. खिडकीशी गेले. बाहेर कोबीच्या ढिगात करडी, दोराच्या दुसऱ्या टोकाला घामाघूम एशिमबेक. त्यांनी वर पाहिलं आणि हातातला दोर गळून पडला.

अक्साकालांची दाढी थरथरत होती. "आता?" त्यांनी नकळत विचारलं.

बेगायिम म्हणाली, "अगाय इज स्टँडिंग."

"या हातांनी लग्नांना बाता दिल्या, बारशांना दिल्या," अक्साकाल कसेबसे म्हणाले. "माझी बाता कोबी खात फिरतेय, असं कधी बघितलं नव्हतं! कुणाची ती मेंढी?"

"माझी," बाई म्हणाल्या. "एका तासासाठी दिली होती. नुसती उभी राहायला."

अक्साकाल खिडकीपासून वळले. "बाता दिलेला जीव मला मागे घेता येत नाही, पोरी. आणि तुलाही."

करडी खिडकीशी येऊन त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी हाक मारली नाही. मारली असती तर ती आली असती.

त्या दिवशी बर्फाची पर्वा न करता समिती करडी शिजेपर्यंत, संध्याकाळपर्यंत थांबली. एशिमबेकांना तिच्या बदल्यात आपली सगळ्यात धष्टपुष्ट मेंढी बाईंच्या फाटकात बांधावी लागली, ती हाकेला ओ देत नव्हती. जेवताना अक्साकालांनी मानाचं मांडीचं हाड स्वतः बाईंपुढे ठेवलं. बाईंनी त्याला हात लावला नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, "मुलं बोलतात. जागा इथंच राहील. इतकं बोलायला शिकवणारी बाई मी दुसऱ्या गावाच्या माथी मारणार नाही."

दुसऱ्या दिवशी अगाय वर्गाच्या दारात. आवाजात लोणी. "सायरागुल, त्या टोकाची खोली घेतेस का? नवी शेगडी आहे. खिडकीतून नुसते डोंगर दिसतात बघ, काय शोभा!"

बाईंच्या खोलीतली शेगडी धूर ओकायची. त्यांनी क्षणभर विचार केला.

"नको अगाय," त्या म्हणाल्या. "डोंगर काही करत नाहीत. उभेच असतात."