स्कोप काढला की बिनसायचं

धाकटीला घरात सगळे रागीट म्हणायचे. खरं म्हणजे ती रागीट नव्हती, चिवट होती. एखाद्या गोष्टीचा छडा लागेपर्यंत तिला घास गोड लागायचा नाही. अशी माणसं स्वतः दमतात ती दमतात, घरच्यांनाही दमवतात.

अंतर मोजायची यंत्रं बनवतात तिथं ती कामाला होती. यंत्र लेझरची एक चमक समोरच्या भिंतीवर सोडतं आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगतं. चमक कधी सोडायची, तो इशारा बाहेरून केबलमधून येतो. एक इशारा, एक चमक. सांगायला किती सोपं!

पण हे नवं यंत्र एका इशाऱ्याला दोनदा चमकायचं. अंतर भलतंच दाखवायचं, आणि एवढा ताण न सोसल्यानं चमक सोडणारा आतला डायोड जळायचा. एकेक जळत शेवटचाच उरला. काम तिनं भांडून मागून घेतलेलं, आणि साहेब म्हणाले, "हाही गेला तर काम बाहेरच्या माणसाकडे. मी निरोप धाडलाय."

त्याहून वाईट म्हणजे तो स्कोप, सिग्नल पडद्यावर दाखवणारा. यंत्रापाशी फाटा काढून इशाऱ्याची तार स्कोपला जोडली की यंत्र कसं गुणी बाळ! एक इशारा, एक चमक. स्कोप काढला की पुन्हा थयथयाट.

"तू बघतेस तोवर शहाण्यासारखं वागतं, आणि पाठ फिरली की वांडपणा," शेजारच्या टेबलावरचे जोडणीवाले काका हसून म्हणाले. "माझा थोरला अगदी असाच होता."

"काका, आज नको हं!"

"बरं बाई, गप्प बसतो." आणि गप्प काही बसले नाहीत, गुणगुणत राहिले.

तेवढ्यात आईचा फोन. "जेवलीस का?"

"आई, इथं माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

"मग रिकाम्या पोटी फुटेल. खाऊन घे."

धाकटीनं फोन ठेवला. डबा उघडलाच नाही. स्कोप पुन्हा जोडला. यंत्र सरळ. तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. चिडून स्कोपची बटणं दाबताना बोट भलत्याच बटणावर पडलं, आणि स्कोप जोडलेला असतानाच यंत्र दोनदा चमकू लागलं!

तिनं झटकन इशारा बंद केला. डायोड वाचला. मग कोणतं बटण दाबलं ते पाहिलं. ते होतं पन्नास ओहमचं, इतके दिवस चालू असलेलं, आता बंद झालेलं. ते चालू असलं की आलेला सिग्नल स्कोप आत जिरवून टाकतो. बंद असलं की सिग्नल टोकाला आपटून मागं फिरतो, केबलमध्ये येरझाऱ्या घालतो, आणि यंत्राला वाटतं दुसरा इशारा आला.

म्हणजे इतके दिवस यंत्र स्कोपच्या जिवावर शहाणं होतं! आणि तीच बया दरवेळी स्वतःच्या हातानं तो काढून घेत होती.

तिनं स्कोप काढला आणि फाट्याच्या रिकाम्या तोंडावर सिग्नल जिरवणारी पन्नास ओहमची टोपी बसवली. इशारा दिला. एकच चमक. पुन्हा दिला. एकच. भिंतीचं अंतर बरोबर.

साहेब आले, वाकून बघितलं. "एवढीशी टोपी?"

"हो."

"मग आधी का नाही लावलीस?"

धाकटीनं न उघडलेला डबा पुढे ओढला. जळलेले डायोड, न खाल्लेले डबे, काय काय सांगणार?

"बाहेरच्या माणसाचं काय करायचं?" साहेबांनी डोकं खाजवलं. "तो निघालाय. आता येतोच आहे तर एक नजर टाकेल."

"टाकू दे की," ती म्हणाली. "चहा मी पाजते. पण बघायचं ते लांबून. माझ्या टेबलाला हात लावायचा नाही."