तेराशे सदतीसचा रुपया आणि कुरुंद्याची वाट

शिमग्याच्या सुटीत कुरुंद्याला जायचं हे यमुनेनं ठरवलं आणि वाटेत हिंगोलीला एक दिवस उतरायचं हे मी ठरवलं. कुरुंद्याला तिची मावशी राहते. हिंगोलीला माझं कोणीच राहत नाही. पण तिथल्या एका अत्तरवाल्याकडे बरणीभर जुनी नाणी आहेत, असं आमच्या शाळेतल्या उर्दूच्या मास्तरांनी सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर मी एक रात्र नीट झोपलो नव्हतो.

मी वाशीमला भूगोल शिकवतो आणि नाणी जमवतो. सुताराकडून एक चपटी पेटी करून घेतली आहे. तिच्यात कापड लावलेले गोल खळगे आहेत, एका खळग्यात एक नाणं. निजामाच्या राज्यातल्या रुपयांवर माझा विशेष जीव. त्यावर चारमिनार असतो, मिनारांच्या मधल्या दारात राजाच्या नावाचं पहिलं अक्षर असतं आणि हिजरी साल असतं. उर्दूच्या मास्तरांनी मला ते आकडे वाचायला शिकवले आणि तिथून हे वेड सुरू झालं. या रुपयांची एक अख्खी ओळ मी सालवारीनं लावत आणली होती. फक्त तेराशे सदतीसचा खळगा रिकामा होता. लढाईच्या दिवसांत चांदीचा रुपया बाजारातून नाहीसाच झाला. जो तो दडवून ठेवतो, नाहीतर सोनाराकडे नेऊन वितळवतो. आज दिसलेला रुपया उद्या कुणाच्या तरी पायातला तोडा झालेला असतो. म्हणून माझी घाई.

"पण जमवायची कशाला?" यमुनेचा हा प्रश्न जुना. ती रागानं विचारत नाही, म्हणून जास्त अडचण होते. इतिहास कळतो म्हणालो, तर म्हणाली पुस्तकं आहेत की. पुढे किंमत येईल म्हणालो, तर म्हणाली मग आजच थोडी आली असेल, विकून टाका आणि मला शिवणयंत्र आणा. निघायच्या आदल्या दिवशी तिनं शर्तच घातली. या प्रवासात तिला पटेल असं एक कारण मी सांगायचं. नाही जमलं तर पेटी विकायची. जमलं तर ती आयुष्यात पुन्हा विचारणार नाही. वीस वर्षं पोरांना उत्तरं सांगणारा माणूस मी. लगेच कबूल झालो.

वाशीमहून हिंगोलीला सर्व्हिस मोटार सुटते. भाडं माणशी बारा आणे आणि सामानाचे वेगळे. पेट्रोल अजून मिळत नसल्यामुळे मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली आहे, तिच्या गॅसवर गाडी चालते. म्हणजे सपाटीवर चालते. चढ आला की ड्रायव्हर मागे वळून मोठ्या अदबीनं म्हणतो, "मंडळी, जरा उतरता का?" आम्ही दोनदा उतरलो. दुसऱ्या वेळी गाडी ढकलायला यमुनेनंही हात लावला आणि तिच्या हातांचे ठसे मागच्या पत्र्यावर काळ्यात पांढरे उमटले. जाणाऱ्यांना सांगून ठेवतो, पांढरे कपडे घालू नका आणि पुढच्या बाकावर बसा.

कन्हेरगावच्या नाक्यावर वऱ्हाड संपतं आणि निजामाचं राज्य सुरू होतं. तिथे सामानाची तपासणी होते. आपला कलदार रुपया देऊन तिकडचा हाली घ्यावा लागतो. सात कलदार दिले की आठ हाली मिळतात आणि वर थोडी मोड. मी मोड उलटीसुलटी करून सालं वाचत उभा राहिलो, तोवर इकडे नाक्यावरच्या एका जवानानं माझी पेटी उघडली.

"ये क्या है? एवढा पैसा?"

मी सांगितलं की हा पैसा नाही, संग्रह आहे.

"पैसाच हाये," तो खात्रीनं म्हणाला. "खर्चायचा न्हाई?"

"नाही."

"मंग संगं आनला काहून?"

यमुना माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेनं बघत होती. मी म्हणालो, जुळवून बघायला. कशाशी, तर दुसऱ्या अशाच नाण्यांशी. जवानानं दुसऱ्या जवानाला हाक मारली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तिघांनी पेटी पाहिली आणि तिघांनाही माझी दया आली असावी, कारण एक पैसाही जकात न लावता त्यांनी आम्हाला सोडलं. "मास्तर हाये," तिसरा म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

हिंगोलीत धर्मशाळेत सामान टाकून आम्ही दुपारीच बाजारात गेलो. अत्तरवाले हमीदमियाँ साठीच्या पुढचे, मेंदी लावलेली दाढी, दुकान एवढंसं की तीन माणसं बसली की गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहतं. उर्दूच्या मास्तरांचं नाव सांगताच त्यांनी चटई झटकली. "बैठो. बाई, तुमी बी बसा." मग फळीवरून एक चिनी मातीची बरणी उतरवली आणि सगळी नाणी चटईवर ओतली.

मी पुढे वाकलो. एक उचललं, कोरं. दुसरं उचललं, तेही कोरं. तांब्याचे पैसे, अधेले, दोनचार चांदीचे, सगळे दोन्ही बाजूंनी झिजून गुळगुळीत झालेले. अक्षर नाही, साल नाही, चित्र नाही. आम्ही जमवणारे असल्या नाण्यांना कचरा म्हणतो.

"यांच्यावर तर काहीच नाही," मी म्हणालो.

"हां, कुछ नहीं. म्हनूनच तं माझ्याकडं हायेत." हमीदमियाँ खूष होते. "बाजारात हे चालत न्हाईत. एकदा ईदच्या आदल्या दिशी एक बाई आली, अत्तराचा फाया मागितला. हातात ह्यातला पैसा. चार दुकानं हिंडून आल्ती, कोनी घेईना. मी घेतला. तिनं शेजारनीला सांगितलं, शेजारनीनं आनखी कोनाला. अब पूरा गाव मेरे पास!"

"मग हे तुम्ही कुठे खपवता?" यमुनेनं विचारलं.

"कुठं खपतील, बाई? घेतले ते घेतले."

"मग ठेवता कशाला? तांब्याच्या भावानं मोडीत घालायचे."

म्हाताऱ्यानं एक पैसा तिच्या तळहातावर ठेवला. "अंगठा फिरवून बघा. किती हातांतून आला असंल? एवढ्या लोकांनी घासून ठेवलेली चीज. फेकवत न्हाई."

यमुना बराच वेळ अंगठा फिरवत बसली. मग हमीदमियाँनी मला विचारलं, "अन् तुमी काहून गोळा करून राहिले, मास्तर?"

"ओळ पूर्ण करायची आहे. एकच साल राहिलंय."

"अन् पुरी झाली का मंग?"

"मग दुसरी ओळ सुरू करायची."

"अरे बापरे! मंग तं तकलीफच हाये."

यमुनेनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबलं नाही. मलाही हसावं लागलं. तिनं वाळ्याचं अत्तर घेतलं. हमीदमियाँनी घासाघीस न करता दोन आणे कमी केले आणि मला सांगितलं, "बाईला संगं आनत जा. तुमच्यापरीस त्याच बराबर बघतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णेकडे जाणारी गाडी धरली. तिसऱ्या वर्गाचा डबा, खिडकीपाशी जागा, आणि गाडीचा वेग असा की शेतात काम करणाऱ्या बायकांशी दोन वाक्यं बोलून होतात. वसमतला उतरलो तर मावशीचे यजमान बैलगाडी घेऊन उभे होते. हे काका उंच, हाडापेराचे आणि कमालीचे अबोल. वसमत ते कुरुंदा या सबंध वाटेत त्यांनी दोन वाक्यं उच्चारली. एक बैलाला आणि एक मला: "टेका." मी टेकलो. वाटेसाठी पाणी बरोबर घ्या आणि बुडाखाली गोधडी घ्या, एवढं ऐका.

गाव यायच्या आधी वास येतो. या दिवसांत हळद काढून झालेली असते आणि शेताशेतात ती शिजवत असतात. मोठ्या कढया, वर हळदीच्याच पानांचं झाकण, खाली धगधगता जाळ. ओल्या मातीचा, आल्याचा आणि उकडलेल्या कंदाचा मिळून एक वास, जो कपड्यांत बसतो आणि धुतल्यावरही जात नाही. अंगणं, खळी, छपरं, जिकडे पाहावं तिकडे शिजलेली हळद वाळत घातलेली. गावातल्या कोंबड्यांचे पायसुद्धा पिवळे वाटले मला.

मावशी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. ठेंगणी, गोल, बोलण्याचा धबधबा. काकांच्या वाटणीचंही तीच बोलते. "या जावईबापू! वाळून गेले की हो! यमे, पोटभर घालत न्हाईस का त्यांला?" त्या दिवशी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि इतका ठेचा खाल्ला की पेटीची आठवण झाली नाही.

आठवण झाली ती होळीच्या दिवशी. पुरणाच्या पोळ्या आणि कटाची आमटी झाल्यावर मावशी नवं लुगडं नेसून बाहेर आली आणि तिच्या गळ्यात रुपयांची माळ होती. खरे रुपये, प्रत्येकाला वर कडी डागलेली, लाल गोफात ओवलेले. मी जेवलेला हात न धुता तसाच बसलो. मिनार दिसत होते.

"मावशी, जरा बघू का?"

तिनं माळ काढून सरळ माझ्या मांडीवर टाकली. मी एकेक उलटवत गेलो आणि अकराव्या की बाराव्या रुपयावर बोट थांबलं. एक, तीन, तीन, सात. चार मिनार, दारात अक्षर, कडेला थोडासा पोचा. तेराशे सदतीस.

माझा चेहरा यमुनेनं वाचला असणार.

"ह्यात दर साली एक वाढवायचा," मावशी सांगत होती. "हळद इकली का मामंजी एक रुपाया माझ्याकडं द्यायचे. हा पहिला, मी नांदाय आले तवाचा. हा माझी लेक शांती झाली तवाचा. अन् हा, त्या साली पान्यानं हळद कुजली तरी मामंजीनं दिला, म्हनले, माळ मोडायची न्हाई." तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पोचे, चरे आणि कडीची डागणी यांवरून ती साल ओळखत होती, आणि एकदाही चुकली नाही. मी मागून आकडे पडताळत होतो.

"आणि हा?" मी बोट काढलं नव्हतं.

मावशी हसायला लागली. "हा व्हय? हा मी मेले न्हाई त्याचा."

त्या वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली होती. घरात सगळेच आडवे. मावशीला तर खाली काढून ठेवलं होतं, मामंजींनी तुळशीचं पान आणून ठेवलं होतं. नवव्या दिवशी तिनं डोळे उघडून भाकर मागितली. "त्या साली मामंजी म्हनले, औंदा रुपाया न्हाई, पैसा सारा दवापान्यात गेला. तं ह्यांनी," तिनं काकांकडे हनुवटी उडवली, "गुमान बाजार केला अन् रुपाया आनून माझ्या हातात घातला. एक शबूद बोलले न्हाईत."

आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. काका सुपारी कातरत होते.

"काका, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" यमुनेनं विचारलं.

काकांनी अडकित्ता थांबवला. बराच विचार केला. "बाजारात गेल्तो," ते म्हणाले. "हळद इकली. आनला." आणि पुन्हा कातरायला लागले. पण कान लाल झाले होते, आणि मावशी ते बघून इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग ती म्हणाली, "तुमाला पाहिजे का हा, जावईबापू? यमीनं सांगितलं तुमच्या छंदाचं. घ्या की! सोनार कडी काढून देतो. आता मी कुठं मरते? त्याचं काम झालं."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं, हे मला माहीत होतं. मी हो म्हटलं असतं तर तिनं आनंदानं दिला असता आणि कुणीही मला नावं ठेवली नसती. मी तो रुपया अंगठ्याखाली धरून बसलो. माझ्या खळग्यात तो ठेवला तर तो तेराशे सदतीसचा रुपया होणार होता. इथे तो दुसराच काहीतरी होता.

"नको मावशी," मी म्हणालो. "माझ्याकडे तो नुसता बसून राहील."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि माळ गळ्यात घालून होळीच्या पूजेला निघाली. काकांनी सुपारीचा पहिला तुकडा माझ्यापुढे केला. त्या घरात आल्यापासून त्यांनी मला आपणहून दिलेली ती पहिली वस्तू.

परतीच्या गाडीत मी यमुनेला सांगून टाकलं, की मला काही कारण सापडलेलं नाही. हमीदमियाँचं कारण त्यांचं, मावशीचं कारण मावशीचं. माझं विचारशील तर रिकामा खळगा दिसला की मला चैन पडत नाही, यापलीकडे काही नाही.

"हे पहिल्यांदाच खरं बोललात," ती म्हणाली. "पेटी राहू द्या. शिवणयंत्राचं पुढे बघू." मग तिनं गाठोड्याला डोकं टेकलं आणि वसमतपासून हिंगोलीपर्यंत झोपून गेली.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. सगळा प्रवास, अत्तर आणि धर्मशाळा धरून, दोघांचा मिळून पंधरा रुपयांच्या आत झाला. माझं धोतर अजून पिवळसर आहे. तेराशे सदतीसचा खळगा अजून रिकामा आहे आणि अजूनही मला टोचतो. खोटं कशाला सांगू. मी पुन्हा जाईन, हिंगोलीला नक्की, आणि तेव्हाही पुढच्याच बाकावर बसेन.

काल मी सुपारी शोधायला यमुनेचा डबा उघडला. आत लाल दोऱ्यात ओवलेला एक पैसा होता, हल्ली निघालाय तो मधे मोठं भोक असलेला. बाजारात पन्नास मिळतील असा. मी विचारलं, हा इथे कशाला?

तिनं माझ्या हातातून तो काढून घेतला, पदरानं पुसला आणि पुन्हा डब्यात ठेवला.

"येताना कन्हेरगावच्या नाक्यावर मोडीत आला," ती म्हणाली. "तुम्ही मावशीला नको म्हणालात त्याचा आहे तो."