पडदा गोठला नव्हता

"तांडेल माणूस चांगला होता, पण त्याला त्या फुकटच्या लिनक्सचा नाद होता. त्या दिवशी पडदा गोठला, जुनंच तापमान दाखवत राहिला, ऑपरेटर फसला आणि दोन जीव गेले. हट्ट नडला, दुसरं काय."

हे उद्गार आमच्या तारापूरच्या रसायनांच्या कारखान्याचे माजी उत्पादन व्यवस्थापक बर्वे यांचे. बोईसरला आम्हा निवृत्तांचा मेळावा भरला होता. हातात समोशाची बशी घेऊन त्यांनी हे सांगितले आणि भोवतीच्या मंडळींनी माना हलवल्या. मी हलवली नाही. त्या कारखान्यात उपकरण विभागाचा प्रमुख मी होतो, आणि गजानन तांडेल माझ्या हाताखाली उमेदीची सगळी वर्षे राबला. त्यामुळे बर्व्यांच्या निवेदनातले पहिले वाक्यसुद्धा मला मान्य नाही. मेलेल्या माणसाला 'चांगला' म्हटले की पुढे त्याच्यावर काहीही लादता येते. तांडेल चांगला वगैरे नव्हता. तो भांडखोर होता, तोंडाळ होता, आणि चुकीच्या माणसासमोर चुकीच्या वेळी खरे बोलण्याची त्याला खोड होती. मला तो आवडत असे.

त्याची माझी पहिली भेट वजनकाट्याच्या खोलीत झाली. तिथला संगणक मध्येच बंद पडत असे. तांडेल नुकताच विभागात रुजू झाला होता. काट्यावरचा कारकून त्याला म्हणाला, "व्हायरस आलाय, दुसरं काही नाही."

तांडेलने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तुला मी काय झालं ते विचारलं काय? काय दिसलं ते सांग."

"बंद पडतो."

"पडदा काळा होतो, का चित्र तसंच राहून कळ दाबली तरी हालत नाय? पंख्याचा आवाज येतो का जातो? बघितलंस, का नुसता व्हायरस व्हायरस करतोस?"

मग तांडेल कारकुनाला उठवून स्वतः खुर्चीत बसला आणि तो संगणक बंद पडेपर्यंत काहीही न करता बघत राहिला. मी दारात उभा होतो. मला त्याने बसायलाही सांगितले नाही. मला त्याचा राग आला, आणि तेव्हाच माझ्या मनात आले की हा माणूस आपल्याला हवा.

'काय झालं ते नको, काय दिसलं ते सांग' हे वाक्य नंतर मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की ते आमच्या विभागाचे ब्रीद झाले. तुम्ही त्याच्याकडे कारण घेऊन गेलात की तो तुम्हाला हाकलून देई. लक्षण घेऊन गेलात की कामाला लागे. पडदा गोठला तर तो आधी कीबोर्डवरची मोठ्या अक्षरांची कळ दाबून तिचा दिवा लागतो का ते बघे. "दिवा लागला तर जीव हाय, नुसतं तोंड गेलंय." दिवा लागला नाही, तर यंत्र पुन्हा चालू करून ते मागच्या वेळी बंद पडण्यापूर्वी स्वतःच काय नोंदवून गेले ते वाचत बसे. लिनक्सवर, संगणकाच्या त्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर, त्याचे प्रेम होते ते यासाठी. "हा सगळं बोलतो, साहेब. दुसरा नुसता माफी मागतो." आणि नोंद मधेच, काही तक्रार न करता, तुटलेली आढळली की त्याचा चेहरा बदलत असे. "हा ओरडलासुदा नाय. म्हंजे प्रोग्राम नव्हं, याचा गळा कोणीतरी आवळलाय. वीज बघा, बोर्ड बघा."

तारापूरच्या हवेत लोखंड टिकत नाही, तिथे संगणकाच्या पितळी दातांची काय कथा. आम्लाच्या वाफा आणि खारा वारा यांनी ते हिरवे पडत. तांडेलच्या खिशात शाळकरी मुलासारखा खोडरबर असे. रॅमची पट्टी, म्हणजे जिच्यावाचून संगणकाचा पडदा उजळतच नाही, नुसती शिट्टी वाजते, ती बोटाहून थोडी लांब हिरवी पट्टी, तो उपसून काढी, खोडरबराने तिचे दात घासी आणि परत बसवी. निम्मे आजार तेवढ्याने बरे होत.

तो सातपाटीचा. बाप होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि आजाही होडीवर तांडेल. याला मात्र पाण्यावर गेले की ओकाऱ्या होत. "आमच्या घराण्यात मीच कोरडा निपजलो," असे तो स्वतःच सांगे. पण समुद्रावरची एक रीत त्याने कारखान्यात आणली. त्यांच्याकडे प्रत्येक घराचा जाळ्याला बांधायचा दोरा वेगळ्या रंगाचा असतो. भर पाण्यात दोन जाळी गुंतली की दोरा बघून सोडवतात. तांडेलने घरून नायलॉनच्या दोऱ्याच्या रिळी आणल्या आणि प्रत्येक संगणकाला एक रंग दिला. त्या यंत्राची वायर, माऊस, सुटा निघणारा प्रत्येक भाग यांना त्या रंगाचा दोरा, आणि त्यावर जाळ्याची गाठ. मी हसलो, तेव्हा म्हणाला, "हसा. याचं त्याला लावलं का मग भूत शोधत बसाल. दोरा असला का भांडण होत नाय."

रिअ‍ॅक्टरच्या नियंत्रण खोलीतल्या संगणकाचा दोरा निळा होता. हे लक्षात ठेवावे.

तो संगणक मुळात हिशेब खात्याने टाकून दिलेला. उष्णता वाढली की स्फोट होईल अशा भांड्याचे तापमान पडद्यावर दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले, कारण नवा घेण्याची कोणाला निकड वाटली नाही. जुन्या यंत्राला नवी प्रणाली झेपेना, म्हणून तांडेलने त्यावर लिनक्स चढवले, आणि कित्येक वर्षे ते उत्तम चालले. ज्यांना आज त्या 'फुकटच्या नादा'वर बोलायचे असते, ते ही वर्षे सांगत नाहीत.

तांडेल चुकत नसे असे मी म्हणणार नाही. एकदा गोदामातल्या संगणकाचे नेटवर्क रोज तुटत होते. त्याने ड्रायव्हरवर ठपका ठेवला, जुना काढून नवा घातला, पुन्हा जुना घातला आणि विभागातल्या सगळ्यांना तेच पटवले. शेवटी छताच्या वर उंदराने कुरतडलेली वायर सापडली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ऐन जेवणाच्या वेळी तो बाकावर उभा राहिला. "ड्रायव्हरवर मी खोटा आळ घेतला. उंदीर होता. माझं ऐकून जो जो हो म्हणाला, त्यानं विसरून जा." एक उत्तर प्रदेशचा फिटर मागून म्हणाला, "टंडेल साब, चूहे से भी माफी माँग लो." तांडेल म्हणाला, "मिला तो माँगूँगा," आणि खाली बसून जेवू लागला. बर्वे त्या दिवशी शेजारच्या टेबलावर होते. त्यांना हे आठवत नाही, असे ते परवा म्हणाले.

एखादे यंत्र भरवशाचे नाही असे ठरले की तांडेल त्याची विजेची वायर काढून स्वतःच्या पिशवीत टाकी आणि घरी नेई. सूचना चिकटवण्यावर त्याचा विश्वास नव्हता, "चिठ्ठी वाचून कोण थांबतो?" असे तो म्हणे. पण एकदा याने वायर नेल्यावर पाळीवरच्या लोकांनी प्रिंटरची वायर काढून त्या संगणकाला लावली आणि दिवसभर चालवला. सकाळी आल्यावर तांडेल ज्या शिव्या घालत सुटला त्या सातपाटीच्या बंदरावरही जपून वापरल्या जात असाव्यात. त्या दिवसापासून त्याने वायर नेणे सोडले आणि रॅमची पट्टी नेणे धरले. नियंत्रण खोलीतल्या यंत्रात पट्टी एकच होती, आणि ते इतके जुने होते की दुसऱ्या कोणत्याही संगणकाची पट्टी त्याच्या खाचेत बसत नसे. एकदा तशी मिळवायला आम्ही दोघे पालघरची सगळी दुकाने हिंडलो होतो आणि हात हलवत परतलो होतो.

मी निवृत्त झालो, तरी तो रविवारी येत असे. येताना कागदात बांधलेले सुके बोंबील आणी. शेवटच्या रविवारी आला तेव्हा त्याने बोंबील टेबलावर ठेवले आणि चहाला हात लावला नाही.

"निळा गोठतोय, साहेब."

"काय दिसलं?" मी त्याचेच वाक्य त्याला दिले. तो हसला नाही.

"कळ दाबली, दिवा नाय. नोंद मधीच तुटलेली. पेन ड्राइव्हवर दुसरं लिनक्स घालून त्याच्यावर चालवला, आतली डिस्क काढून ठेवली, तरी गोठला. म्हंजे प्रणाली निर्दोष सुटली. पट्टी घासली, विजेचा पुरवठा बदलून बघितला. मग बोर्ड उघडला. कपॅसिटर फुगलेत, डोक्यावर फुटून पाणी आलंय. बर्वेसाहेब बोलले, कारखान्याच्या वार्षिक शटडाऊनपर्यंत ढकल."

"मग?"

"मरू दे मेला तर. मेलेलं यंत्र खोटं बोलत नाय. हा मरत नाय, गोठतो. गोठला का मगाचाच आकडा धरून बसतो, आणि तो आकडा चांगला असतो."

मी म्हणालो, "बंद कर."

"बंद केला तर सुनीलला दर वेळी जिना उतरून भांड्यावरची तापमानाची तबकडी बघायला लागंल. शिव्या घालंल."

"घालू दे."

"घालू दे," तो म्हणाला, आणि मग चहा प्यायला.

सुनील वरठा हा पाळीवरचा ऑपरेटर. विक्रमगडकडच्या डोंगरातला, दोन मुलांचा बाप. तांडेलला तो काका म्हणे आणि तांडेल त्याला जावई म्हणे, कारण तो काहीही सांगितले की आधी रुसत असे.

त्याच आठवड्यात दुपारी माझ्या घराच्या खिडक्या हादरल्या. स्फोटाचा आवाज बोईसरच्या माणसाला ओळखायला शिकवावा लागत नाही. तांडेल आणि सुनील भांड्याच्या पायथ्याशी सापडले, तबकडीजवळ. बर्वे म्हणतात, पडदा गोठल्याचे उशिरा कळले म्हणून ते खाली धावले. मी म्हणेन, पडदा बंद होता म्हणून ते तबकडी बघायला उतरले होते. प्रेतांवरून यातले काहीच सिद्ध होत नाही, म्हणून मी त्यावर जोर देत नाही. संगणक जळून गेला. तो तपासायची सोय उरली नाही, आणि जे तपासता येत नाही त्याच्यावर ठपका ठेवणे सर्वांत सोपे. भांडे का तापले? थंड पाण्याच्या पंपाबद्दल मी पुष्कळ ऐकले आहे. पण मी तो पाहिला नाही, म्हणून इथे लिहीत नाही. तांडेलने मला लिहू दिले नसते.

बर्व्यांची गोष्ट मात्र पाहिल्यासारखी पसरली. ती सातपाटीला पोचली, डोंगरात पोचली. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तांडेलच्या घरी गेलो. त्याची बायको प्रमिलावहिनी वाळत घातलेल्या मासळीवरची, कावळ्यांपासून राखायची जाळी सारखी करत होती. मला बघून आत आली, पाणी दिले आणि उभीच राहिली.

"सुनीलचा बाप आल्ता, भाऊ."

"कधी?"

"गेल्या बाजाराच्या दिशी. उंबऱ्यावर बसला. मी पाणी दिलं, त्यानं तांब्याला हात लावला नाय. बोलला, तुझ्या माणसाच्या मशीननं माझा पोरगा नेला. लय वरडला नाय. तेवढंच बोलला न् उठून गेला." तिने पदराने हात पुसले. "तुमी त्यांचे साहेब होते. खरं काय ते सांगा. तसंच असंल तर मी डोंगरात जाते, त्या म्हाताऱ्याचे पाय धरते. पण खोट्यासाठी धरायला लावू नका."

मला जे माहीत होते ते मी सांगितले: रविवारचे बोलणे, फुगलेले कपॅसिटर, 'घालू दे'. ती ऐकत होती, आणि मला कळत होते की हे पुरेसे नाही. बंद करीन म्हणणे आणि बंद करणे यांत अंतर असते, आणि त्या अंतरात बर्व्यांची गोष्ट आरामात बसते.

"वहिनी, कारखान्यातून त्याचं काय काय परत आलं?"

"सायकल. न् तिला अडकवलेली डब्याची पिशवी. गेटवरच्या माणसानं आणून दिली." मग ती आत गेली आणि देवघरातून काहीतरी घेऊन आली. "डब्यात ह्ये होतं. काय हाय ठाऊक नाय, पण त्यांनी जपून ठेवलेलं, म्हणून देवाजवळ ठेवलं."

मी ते हातात घेतले. तिला पुन्हा पुन्हा विचारले, कारण ज्याच्यासाठी मी हे करत होतो त्याने तसेच विचारले असते: काय झाले ते नको, डबा उघडल्यावर काय दिसले ते सांगा. तिने न अडखळता सांगितले. येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे विक्रमगडला जाणार आहोत. पाय धरायला नव्हे. बर्व्यांना यायचे असेल तर त्यांनीही यावे.

तांडेलचा डबा ती रोज संध्याकाळी स्वतः घासत असे आणि सकाळी स्वतः भरत असे. त्या दिवशी वरच्या कप्प्यात तिने भात दिला होता. तो कप्पा परत आला तेव्हा भात खाऊन झालेला होता, कडेला शिते वाळली होती, आणि त्या शितांवर, रुमालात गुंडाळलेली, निळ्या दोऱ्याची जाळ्याची गाठ मारलेली रॅमची पट्टी होती.