सात नंबरचा ब्रेक

गॅसच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर त्यांना सगळे वैद्य म्हणायचे. होते ते ड्रिलर. पण ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला की तीन हजार मीटर खाली पातं मऊ खडकात फिरतंय की कठीण, हे त्यांना मीटरचा काटा हलायच्या आधी कळायचं. नाडी बघितल्यासारखे डोळे बारीक करून उभे राहायचे, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. मेकॅनिक तर जीभ बाहेर काढून विचारायचा, "वैद्यबुवा, जरा आमचंही बघता का?"

खालच्या खडकाचं त्यांना सगळं कळायचं. वर चालणारा गॅसचा भाव मात्र आयुष्यभर डोक्यावरून गेला. भाव चढला की कंपनीला एका दिवसाचा धीर नसायचा. आज इथे भोक पाडा, उद्या तिथे, जेवण उभ्याने उरका. भाव पडला की अर्ध्यावर आलेल्या विहिरीतही सिमेंट ओतून माणसांना घरचा रस्ता. सव्वीस वर्षांत वैद्यांना असं तीनदा घरी पाठवलं. पहिल्या वेळी शेजारी विचारायचे, सुट्टीवर का? दुसऱ्या वेळी कुणी काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

तिसऱ्या वेळी ते बावन्न वर्षांचे होते. मॅनेजरसाहेब म्हणाले, "घरी बसण्यापेक्षा यार्ड सांभाळा. भाव काय, वर्षभरात परत येईल."

यार्डात अकरा रिग्ज आडव्या करून ठेवल्या होत्या. मनोरे जमिनीवर लोळवलेले, इंजिनांवर ताडपत्री, जाळीच्या फरशीतून वर आलेलं गवत. त्यांची स्वतःची सात नंबर दुसऱ्या रांगेत होती. ज्या मशीनवर हुकमत गाजवली तिच्याभोवती वैद्य आता किल्ल्यांचा जुडगा घेऊन फेऱ्या मारायचे. आणि मग ऑफिसातून फोन यायला लागले. कुठे एखादी रिग अजून चालू होती, तिला सुटे भाग हवे असायचे. नवे मागवायला पैसे नाहीत, म्हणून झोपलेल्या रिग्जचे काढायचे. आधी पंप गेला, मग वायरदोर. एका दुपारी साहेबांचा फोन आला, "सात नंबरचे ब्रेकचे पट्टे काढून द्या. तीन नंबरचे झिजलेत, ते तुमच्यात घालून ठेवा." ब्रेकचा पट्टा म्हणजे ड्रिलरचा जीव, विहिरीत टांगलेला सगळा भार तोच धरतो. वैद्यांनी तो आपल्या हातांनी काढला, ट्रकवर चढवला आणि ट्रक गेल्यावर बराच वेळ हात धूत बसले.

दोन वर्षांनी भाव उठला. कुठे थंडी लांबली, कुठे लढाई पेटली, आणि काही आठवड्यांत तिप्पट. साहेब स्वतः यार्डात आले.

"वैद्य, बारा दिवसांत सात नंबर उभी करायची. ड्रिलर तुम्ही."

"साहेब, ब्रेकचे पट्टे पार गेलेत. नवे यायला सहा आठवडे लागतील."

"सहा आठवड्यांनी भाव कुठे असेल, सांगाल का मला?"

"ते नाही सांगता येणार. ब्रेक कुठे असेल ते सांगतो."

साहेब हसले नाहीत. "पट्टे वाटेत आहेत. तोवर सावकाश चालवा."

"पट्टे आल्याशिवाय मी त्या दांड्याला हात लावणार नाही."

"मग दुसरा कुणीतरी लावेल," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

तो दुसरा घरातलाच निघाला. वैद्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला ड्रिलिंग शिकवलं वैद्यांनीच. रिग बंद झाल्यापासून तो घरोघरी पार्सलं टाकत फिरत होता. दुपारी आला तो हातात नवीन हेल्मेट घेऊनच.

"त्या ब्रेकचा भरवसा नाही," वैद्य म्हणाले.

"पट्टे परवा येतायत म्हणे, दाजी."

"म्हणे!"

"तुम्हाला निदान यार्ड तरी मिळालं. मी दोन वर्षं जिने चढतोय. गल्लीतली कुत्री आता भुंकत नाहीत मला, शेपटी हलवतात. एवढीच काय ती बढती." तो हसला, मग गंभीर झाला. "आता नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारणार मला?"

वैद्य चिडले होते. आपण नाकारलेली जागा आपल्याच शिष्याने घ्यावी, हे त्यांना झोंबलं. म्हणून पट्टा किती झिजलाय, कुठल्या बाजूला रिव्हेट उघडे पडलेत, हे त्यांनी सांगितलं नाही. "तुझं तू बघ," एवढंच म्हणाले. आतून बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला नको तर नको. त्याच्या वाटेत कशाला आडवे येता?"

पट्टे न येताच रिग चालू झाली. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मेकॅनिकचा फोन आला. विहिरीतल्या नळ्यांची रांग वर ओढताना ब्रेक धरेना. वरचा कित्येक टनांचा हुक सरसरत खाली आला. मेहुण्याला उडी मारून पळता आलं असतं, पण खाली फरशीवर दोघं काम करत होते. त्याने ओरडून त्यांना हाकललं आणि सगळा भार देऊन दांडा दाबून धरला. दोघं वाचले. दांडा उलटा फिरला तो त्याचा उजवा हात घेऊन. कोपराच्या वरून कापावा लागला.

चौकशीला टेबलापलीकडे तिघं बसले होते. साहेब बाजूला, पेनाचं टोपण उघडत आणि लावत.

"सात नंबरचे चांगले पट्टे कुणी काढले?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"साहेबांच्या. फोन आला होता."

"लेखी काही?"

"फोन लेखी कसा असेल?"

साहेबांना असा फोन केल्याचं आठवेना. अहवालात आलं की ड्रिलरने ब्रेक नीट हाताळला नाही आणि रखवालदाराने नोंद न ठेवता भाग हलवले. एका घरातली दोन्ही माणसं कागदावर दोषी ठरली. तोवर उन्हाळा आला आणि भाव गडगडला. विहीर अर्ध्यावर सिमेंटने बंद केली, सात नंबर पुन्हा यार्डात आडवी झाली. वैद्यांना ताकीद देऊन ठेवून घेतलं, कारण कुठल्या रिगच्या पोटात काय उरलंय हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. साहेबांना वरची जागा मिळाली.

मेहुणा बहिणीकडेच राहायला आला. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला त्याला पाव तास लागायचा आणि कुणी मदतीला गेलं की खेकसायचा. एकदा जेवताना त्याच्या हातून वाटी उलटली. बायकोने पुसता पुसता वैद्यांकडे न बघता म्हटलं, "तुम्ही उभे असता तिथे, तर तुमच्या हाताला आधी कळलं असतं."

"ताई, दाजींना बोलू नकोस," मेहुणा म्हणाला. "त्यांनी सांगितलं होतं मला."

वैद्यांचा घास तोंडातच फिरत राहिला. किती सांगितलं होतं आणि किती गिळलं होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण ते पाणी प्यायले आणि ड्यूटीवर निघाले.

पुढच्या महिन्यात ऑफिसातून नव्या साहेबांचा फोन आला. चार नंबरचा पंप काढून द्यायचा होता.

"लेखी पाठवा," वैद्य म्हणाले.

"अहो, एवढ्याशासाठी?"

"एवढ्याशासाठीच."

दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी ऑफिसातून पत्र आलं, रीतसर सहीशिक्क्याचं. त्यात पंपाचा उल्लेख नव्हता. वैद्यांना कामावरून कमी केल्याचं होतं. पत्र घेऊन आलेला माणूसच नवा रखवालदार होता.

वैद्यांनी किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. मग ते त्याला रांगेरांगेतून फिरवत राहिले. कुठल्या रिगचा पंप नाही, कुठल्या दोराला विश्वासून काही टांगायचं नाही, कुठला ब्रेक नुसता दिसायला आहे, एकेक हात लावून दाखवलं. ऊन डोक्यावर आलं होतं. नवा माणूस हो हो म्हणत मागून चालत होता. शेवटी फाटकाशी येऊन त्याने एकच विचारलं, "इथे सावलीत बसायला खुर्ची मिळते का?"