परक्या हाताची धार

छबुबाईने कुणावर पटकन विश्वास ठेवल्याचं उमापुरात कुणाला आठवत नाही. डेअरीवर दूध घालायला गेली की ती फॅटच्या मशीनला अशी खेटून उभी राहायची, की डेअरीवाल्याने काही केलेलं नसतानाही त्याला चोरट्यासारखं व्हायचं. देवळातला प्रसादसुद्धा आधी नाकाशी धरायची, मग तोंडात टाकायची. नवरा बिभीषण गरीब स्वभावाचा, समोरचा जे बोलेल त्याला मान डोलावणारा. त्यामुळे घरात संशय घ्यायचं सगळं काम माझ्या एकटीच्या अंगावर पडलं, असं ती सांगायची. ते काम तिने मन लावून केलं.

अशा बाईच्या पोराने एके दिवशी परदेशातून फोन केला आणि सांगितलं की मी नोकरी सोडली, आता माझा स्वतःचा धंदा आहे.

पोरगा रामेश्वर. जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका घेऊन तो न्यूझीलंडला गाईंच्या एका मोठ्या फार्मवर कामाला लागला होता. ते छबुबाईने कसंबसं पचवलं होतं, कारण तिथे मालक होता, गोठा होता, राहायला खोली होती. मालक असला म्हणजे पोरगा कुठे आहे ते कळतं, असा तिचा हिशेब. बरीच वर्षं त्या मालकाकडे काढल्यावर रामेश्वरला तिथे कायमचं राहायची परवानगी मिळाली. परवानगी हातात पडताच त्याने तिथल्या कर खात्याला कळवलं की यापुढे मी माझ्या नावावर काम करणार. एक जुनी पिकअप घेतली, विमा उतरवला, आणि गाडीच्या दारावर नाव आणि फोन नंबर टाकून घेतला. भागीदार नाही, दुकान नाही, हाताखाली माणूस नाही. मालकही तोच आणि गडीही तोच.

धंदा कसला, हे त्याने फोनवर समजावून सांगितलं. तिकडे शेकडो गाई नवरा-बायको दोघंच सांभाळतात. त्यांना लग्नाला, दवाखान्याला, कुठे चार दिवस गावाला जायचं म्हटलं तर गाई कुणावर सोडणार? मग ते रामेश्वरला बोलावतात. हा जातो, दोन्ही वेळच्या धारा काढतो, वासरांना दूध पाजतो, गोठा धुतो, आणि मालक परत आला की दुसऱ्या गोठ्यावर जातो.

छबुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “परक्या हाताला जनावर पान्हा सोडतंय व्हय?”

तिकडे मशीन असतं, असं तो सांगू लागला. मशीन सडाला लागतं, पान्हा काही मशीनला कळत नाही, असं म्हणून तिने फोन बिभीषणच्या हातात दिला. बिभीषणने मान डोलावली, जणू पोराला ती फोनमधून दिसणार होती.

हे तिने उगाच म्हटलेलं नव्हतं. तिची हरणी म्हैस तिच्याशिवाय कुणाच्या हाताला धार देत नसे. हरणीची आईही तशीच होती. छबुबाई तापाने फणफणलेली असली तरी उठून गोठ्यात जायची, कारण दुसरं कुणी कासेला हात लावला की म्हैस पान्हा चोरायची आणि वर लाथ झाडायची. जनावर माणूस ओळखतं, हे तिला जन्मापासून ठाऊक. आणि आपला पोरगा म्हणतो, मी रोज नवीन गोठ्यात जातो आणि धार काढतो. एवढं धडधडीत खोटं त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. म्हशीवाल्या बाईला सांगितलं, याचा तिला जास्त राग आला.

त्यात शेजारच्या त्रिंबकने काडी टाकली. ओट्यावर बसून त्याने सांगितलं की परदेशात नोकरी गेली की पोरं त्याला धंदा म्हणतात, अशी दोन घरं आपण पाहिली आहेत. कुठली दोन घरं, ते त्याने सांगितलं नाही. पण त्या रात्री छबुबाईने भाकरी अर्धीच खाल्ली. रामेश्वरने पाठवलेला गाडीचा फोटो तिने शेजारच्या सुनेकडून मोठा करून करून पाहिला. गाडीच्या दारावर कुणीबी नाव टाकतंय, गाडी याचीच कशावरून, असं म्हणून तो फोटोही निकालात काढला.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर ठीक होतं. पण रामेश्वरचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी लिंबागणेशची, अंजू. तिने आणि रामेश्वरने फोनवर बोलून एकमेकांना पसंत केलं होतं. तिचे वडील राधाकिशन शेती करून गावच्या राजकारणात वावरलेले, माणूस पारखून घेणारे. जावयाची नोकरी गेली, आता तो एकट्यानेच काहीतरी करतो, ही बातमी त्यांच्याही कानावर गेलीच. ते चिडले नाहीत. त्यांनी निरोप धाडला की मुलगा सुटीवर आला की आम्ही येतो. सुपारी फोडायची की नाही, हे छबुबाईच्या शब्दावर ठरवू. जी बाई प्रसादाचाही वास घेते, ती धंदा खरा म्हणाली तर आम्हाला आणखी चौकशी करायची गरज नाही.

आता आली का पंचाईत. आयुष्यभर हिने कुणाचं खरं मानलं नाही, आणि त्याच गुणावर आता पोराचं लग्न अडलं. होय म्हणावं तर एखाद्याच्या लेकीला खड्ड्यात ढकलल्यासारखं होईल. नाही म्हणावं तर पोटच्या पोराला चारचौघांत खोटं पाडल्यासारखं. बिभीषणने हळूच सुचवलं की म्हणून टाक होय. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेरच गेला.

रामेश्वर आला. अंगाने भरला होता, हातावर घट्टे होते. घट्टे तिने लगेच तपासले, पण घट्टे नोकरीतही पडतात. राधाकिशन दोन दिवसांनी यायचे होते. पहिल्याच पहाटे तिने चरवी त्याच्या हातात दिली आणि गोठ्याकडे बोट दाखवलं. “काढ धार. मी हितं उभी हाय.”

आपण किती नामी युक्ती काढली, असं तिला वाटत होतं. रामेश्वरने हरणीपुढे आंबोण ठेवलं, कोमट पाण्याने कास धुतली, रेडकू सोडून पुन्हा बांधलं. सगळं रीतसर केलं. हरणीने मान वळवून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या छबुबाईकडे, आणि अशी सणसणीत लाथ मारली की चरवी पार उकिरड्याजवळ जाऊन पडली. पाव लिटर दूधही निघालं नाही.

छबुबाईला आपलं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोरगा आपल्याशी खोटं बोलला, आणि एवढ्या लांब एकटाच काहीतरी लपवत राहिला, हे आता पक्कं झालं असं तिला वाटलं. तिने चरवी उचलून आणली, धुतली आणि स्वतः धार काढायला बसली. अंगावरचं शेण झटकत रामेश्वर एवढंच म्हणाला, “उद्या पुन्हा बसतो. पर तू गोठ्यात थांबू नको. तू दिसली की ती तुझीच वाट बघती. आन् तुझं धारंचं लुगडं दे मला. धुऊ नको.”

लुगडं कशाला, हे त्याने सांगितलं नाही. झालं, छबुबाईच्या डोक्यात दुसरी चक्की सुरू झाली. डेअरीवर दूध घालणारे काही लोक पान्ह्यासाठी चोरून इंजेक्शन टोचतात, हे तिने ऐकलं होतं. पोरगा जनावरांच्या दवाखान्यातलं शिकलेला. गोठ्यात एकटं राहायचं म्हणतो, ते उगाच नाही. लुगड्याच्या पदराआड सुई लपवायला काय जातं? तो आंघोळीला गेला तेव्हा तिने त्याची बॅग उलटीपालटी केली. लोकरीचे मोजे, दाढीचं सामान आणि अंजूसाठी आणलेली एक शाल निघाली. शाल तिने नीट घडी घालून परत ठेवली. खिसेही चाचपले. सुई सापडली नाही, म्हणून तिचा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या पहाटे ती देवळात जाते म्हणून घरातून निघाली आणि मागच्या बाजूने येऊन गोठ्याच्या कुडाला डोळा लावून बसली. साठीला आलेली बाई, स्वतःच्याच गोठ्यामागे चोरासारखी. कुणी पाहिलं असतं तर गावाला आठवडाभर पुरलं असतं.

आत रामेश्वरने तिचं कळकट लुगडं अंगाभोवती गुंडाळलं होतं, पदर डोक्यावरून घेतला होता. तो तिच्यासारखाच डाव्या अंगाने बसला. तिच्यासारखंच त्याने हरणीच्या मांडीला आधी डोकं टेकलं. हातात सुई नव्हती, दोन्ही हात कासेवर होते. आणि मग तो पुटपुटू लागला. आवाज बारीक करून, तिच्याच हेलात. डेअरीवाला कसा मेला लबाड आहे, मशीनवर बोट ठेवतो. पेंडीच्या पोत्यात भुसा निघाला. त्रिंबकचं तोंड म्हणजे फुटकं मडकं, त्यात काही राहत नाही. तुझा मालक नुसता मान डोलावतो गं बाई, या घरात कुणाला काही कळत नाही.

छबुबाई ऐकतच राहिली. रोज धार काढताना आपण म्हशीपाशी एवढं बोलतो, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. हरणीला मात्र ठाऊक होतं. तिने कान सैल सोडले, एक लांब श्वास टाकला आणि रवंथ सुरू केलं. चरवीत पहिली धार वाजली, मग दुसरी, आणि मग तो ओळखीचा भरदार आवाज येऊ लागला. चरवीवर फेस चढला.

ती कुडामागून उठून दारात आली तेव्हा रामेश्वरची धार संपत आली होती. त्याने पदर काढला नाही, मान तेवढी वर केली.

“तिथंबी असंच करतो,” तो म्हणाला. “पहिलं काम एका बाईच्या गोठ्यावर मिळालतं. तिच्या गाई मला बघून बिथरल्या, दूध आखडून धरलं. मग मी तिचा धारंचा एप्रन मागितला, न धुतलेला. ती धारा काढताना रेडिओवर बातम्या लावायची, मीबी त्याच लावल्या. ती हसली मला. पर गाई गुमान उभ्या राहिल्या, दूध सोडलं. तिनंच पुढं चार घरी सांगितलं. तसाच वाढला माझा धंदा.”

“हे कावून न्हाई सांगितलं मला?”

“सांगितलं आसतं तर तू मानलं आसतं?”

तिने चरवी घेतली आणि डेअरीची वाट धरली. वाटेत तिला हायसं वाटायला हवं होतं, कारण पोरगा खोटा नव्हता. पण तिच्या डोक्यात एक जुनी संध्याकाळ घोळत होती. डेअरीवर त्या दिवशी ती मशीनकडे बघायचंसुद्धा विसरली. डेअरीवाल्याने दोनदा विचारलं की तब्येत बरी आहे ना.

संध्याकाळी राधाकिशन आले. सोबत त्यांचा भाऊ अमरसिंह आणि मागे अंजूही होती. मुलीने स्वतः यायचं म्हटलं, म्हणून तिला आणलं, असं त्यांनी सांगितलं. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. मग राधाकिशनने टोपी सारखी केली आणि छबुबाईकडे वळून म्हटलं की बाई, आम्ही तुमच्या एका शब्दासाठी आलो आहोत. धंदा खरा आहे का? जनावरं अशी परक्याच्या हाती कोणी देतं का?

बिभीषणने घाबरून जमिनीकडे पाहिलं. छबुबाईने रिकाम्या कपबशा एकीत एक घातल्या. रामेश्वरला वाटलं, ही आता नाही म्हणणार.

“धंदा खरा हाय,” ती म्हणाली. “मी डोळ्यानं बघितला. पर पाव्हणं, मला तो खरा नगं होता. मह्या बापाचा जीव चालला म्हणून माहेराहून, तलवाड्याहून सांगावा आलता, दुपारी. मी म्हनलं, सांजची धार काढून निघते. ती म्हस, हरणीची आई, माझ्याबिगर हात लावू देत न्हाई. धार काढली, डेअरीला घातली, आन् गेले. तवर सरण पेटलं होतं. तोंड बघितलं न्हाई मी बापाचं. आजवर मनाला सांगत आले, माझा इलाज नव्हता. आज सकाळी ह्या पोरानं माझं लुगडं नेसून धार काढली. शेजारणीलाबी काढता आली आसती. माझं लुगडं दिलं आसतं तर झालं आसतं. मला सुचलंच न्हाई. म्हनून मी ह्याला लबाड ठरवत होते.”

रामेश्वरने हे आजवर कधी ऐकलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हा तो लहान होता, आणि आई रात्री उशिरा परत आली एवढंच त्याला माहीत होतं. अमरसिंहने खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून बसला. अंजू उठून छबुबाईच्या शेजारी येऊन बसली.

मागे गोठ्यात हरणी रेकली. धारेची वेळ झाली होती. सवयीने छबुबाईचे हात उठण्यासाठी गुडघ्यांवर टेकले. मग तिने ते परत मांडीवर घेतले. रामेश्वर उठला, दोरीवरचं लुगडं काढून गोठ्याकडे गेला, आणि तिने त्याच्या मागे पाहिलंही नाही. ती अंजूकडे वळली आणि पुन्हा चहा टाकते म्हणून तिला विचारलं की तुला साखर किती लागते.